इरल्याखालचं झाड

मी हट्टी आहे, हे मी रांगत होते तेव्हापासून आमच्या घरात सर्वमान्य होतं. आई म्हणायची, "हिच्या कपाळी सटवाईनं काही लिहिलं नाही. हिनंच तिचा हात धरून हवं ते लिहवून घेतलं." आता सत्तरी ओलांडल्यावर हा आरोप नाकारण्यात अर्थ नाही. तेव्हा सुरुवातीलाच कबूल करते, की पनवेलच्या परसात हिमालयातलं झाड जगवण्याचा जो उद्योग मी तीन वर्षं केला, तो झाडाच्या प्रेमापोटी नव्हता. मला वडिलांशी लावलेली पैज जिंकायची होती.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते पनवेलात वैद्य होते, त्यांचे वडीलही वैद्य होते. सकाळी ओटीवर रोगी बसायचे आणि माजघरात औषधं कुटली जायची. कुटायचं काम बायकांचं. आई आणि मी उखळात सुंठ, पिंपळी, मिरी कुटत असू, मग ते वस्त्रगाळ करायचं, मग पुड्या बांधायच्या. मॅट्रिक पास झाले तरी माझ्या हातातलं मुसळ सुटलं नाही. ओटीवर अण्णांच्या शेजारी बसून मुळ्या, साली, पाला ओळखायला शिकावं ही माझी फार इच्छा होती. अण्णा म्हणायचे, "मुलींनी कुटावं. पारख करणं हे बैठकीचं काम आहे." त्या बैठकीवर माझा चुलतभाऊ बसायचा. त्याला सुंठ आणि हळकुंड यांतला फरक कळायला चव घ्यावी लागे. मला तो वासावरून माजघरातून कळायचा. माझा संताप व्हायचा, पण संतापानं बैठक मिळत नाही.

मुंबईच्या औषधबाजारातून गोण्या यायच्या तेव्हा मी दाराआडून बघत असे. अण्णांची पद्धत ठरलेली होती. गोणीचं तोंड उसवायचं, वरून चिमूटभर माल घ्यायचा, डोळ्यांजवळ धरायचा, हुंगायचा आणि म्हणायचं, "ठीक. शितावरून भाताची परीक्षा." मग गोणी आत. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच शिकवलं होतं.

या गोण्यांतल्या एका मालाला अण्णा फार मान देत. तो म्हणजे तालीसपत्र. खोकल्यावरच्या चूर्णाला ज्याचं नावच दिलंय तो पाला. काळपट, चपट्या काड्यांसारखी सुकलेली पानं, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. हे झाड थंड डोंगरात होतं एवढंच आम्हाला माहीत. अण्णांनी तीस वर्षं तो पाला वापरला होता, पण झाडावरचं हिरवं पान कधी पाहिलं नव्हतं.

ते आलं मामाबरोबर, घासलेटच्या डब्यातून. मामा नैनितालकडे सरकारी कचेरीत नोकरीला होता. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि तिथले साहेबलोक बंगले विकून चालले होते. एका बंगल्याच्या नव्या मालकानं बागेतली झुडपं उपटायला काढली. त्यातलं एक तिथल्या माळ्यानं मामाला दिलं. वर्षानुवर्षं कातरून बुटकं ठेवलेलं, वीतभर उंच, पण बुंधा मनगटाएवढा. पानं गडद हिरवी, काडीच्या दोन्ही बाजूंना फणीच्या दातांसारखी बसलेली. मामा म्हणाला, "साहेब याला यू म्हणायचा, माळी थुनेर म्हणतो, आणि तिथले काही वैद्य म्हणतात हेच तालीसपत्र."

अण्णांनी चष्मा पुसला. झाडापुढे उकिडवे बसले. एक पान बोटांत धरून ते इतका वेळ बघत बसले, की आईनं आणलेला चहा थंड झाला. शेवटी म्हणाले, "इथं जगायचं नाही. एका उन्हाळ्यात जाईल."

"मी जगवीन," मी म्हणाले.

"तू?"

"मी. जगवलं तर बैठकीवर बसवाल?"

अण्णा हसले. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा हसतात तसं. "तीन पावसाळे जगवून दाखव. मग बैस माझ्या शेजारी. पाला, मुळी, साल, सगळं शिकवतो."

"मामा, ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार," मी म्हणाले. मामा बिचारा तीन दिवसांच्या प्रवासानं आंबला होता. त्यानं मान हलवली.

पहिली चूक मी पहिल्याच दिवशी केली. आमच्या परसात जे काही चांगलं वाढायचं ते न्हाणीच्या पाटाशी. अळू तिथं, केळ तिथं, कर्दळ तिथं. झाडाला पाणी कमी पडू नये ही आमच्याकडची पहिली माया. मी ते झुडूप पाटाच्या काठी लावलं आणि शिवाय सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तांबे घालू लागले. महिन्याभरात पानं पिवळी पडली. मी तिसरा तांबा घालू लागले.

मला अडवलं शेळीवालीनं. ही बाई खाडीकडच्या वाडीतून रोज सकाळी तिची शेळी घेऊन यायची. अण्णा क्षयाच्या रोग्यांना आणि अशक्त पोरांना शेळीचं दूध सांगत, आणि ही दारातच धार काढून द्यायची, म्हणजे दुधात पाणी घातल्याचा संशय नको. तिच्या घरचे पावसाळ्यात भात लावायचे आणि उन्हाळ्यात मिठागरावर राबायचे. नवरा वारलेला. एक मुलगी आणि ही एक शेळी. ती माझ्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, झाराला मारतेस का जगवतेस?"

"का? पाणीच तर घालतेय."

"तेच बोलतंय मी. मुली कुजल्या आसतील त्याच्या. पान्यात उबं ऱ्हायला ते काय भात हाय? उकरून बग."

मी फणकाऱ्यानं म्हटलं, की मला शिकवू नकोस. ती गेल्यावर उकरून पाहिलं. मुळ्या काळ्या पडल्या होत्या, बोटानं दाबल्या तर साल निघून हातात येत होती. मी कात्रीनं कुजलेलं सगळं कापलं. घरात एक तडा गेलेला रांजण पडून होता. त्याच्या बुडाला भोकं पाडली, तळाशी विटांचे तुकडे घातले, त्यावर गाढी नदीची जाड रेती आणि नेरे गावाकडून मोळ्या आणणाऱ्या गाडीवानाकडून मागवलेला डोंगरातला कुजका पाला. अण्णांना यातलं काही सांगितलं नाही. शेळीवालीला मात्र दुसऱ्या दिवशी सांगितलं, कारण न सांगता ती गप्प बसली नसती.

"आता पावसाचा काय करशील?" तिनं विचारलं. आमचा पाऊस म्हणजे चार महिने आभाळ फाटलेलं. रांजण ओटीवर आणला तर झाडाला उजेड नाही, बाहेर ठेवला तर मुळं पुन्हा कुजणार. ज्येष्ठ लागताना ती एक जुनं इरलं घेऊन आली. भात लावताना बायका पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. तिनं चार काठ्या रोवून ते रांजणावर तिरकं बसवलं. पाणी पाठीमागे ओघळायचं आणि पुढून उजेड यायचा. तो सबंध पावसाळा माझं झाड इरल्याखाली वाकून बसलेल्या बाईसारखं दिसत होतं. येणारे-जाणारे हसायचे. "काय गं, लावणीला कधी पाठवतेस हिला?" असं शेजारच्या काकू विचारायच्या. पाठवीन तेव्हा तुमच्याच शेतात पाठवीन, असं मी सांगायची.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं होतं. दुपारी बंदराकडून खारा वारा सुटला की पानांची टोकं जळायची. मी रांजण भिंतीच्या उत्तर बाजूला नेला, वाऱ्याच्या तोंडाला नारळाच्या झापांचा आडोसा केला, त्यावर ओलं गोणपाट टाकलं. वैशाखात विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं. ते झाडाला सोसेना. म्हणून रोज सकाळी तळ्यावरून एक कळशी आणायची. आत्या माहेरपणाला आली होती, ती म्हणाली, "तीन पावसाळ्यांत स्थळं येऊन जातील आणि ही या झुडपाशीच लग्न लावील." मी म्हटलं, झुडूप निदान हुंडा मागत नाही. आईनं डोळे वटारले, पण कळशी उचलायला तीच मला हात लावायची.

दुसऱ्या वर्षी वाळवी लागली. एका आठवड्यात अर्धं झाड तपकिरी झालं. मी कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी ओतलं, माती बदलली, आणि आई 'अगं सगळंच जाईल' म्हणत असताना मेलेलं अर्धं अंग बुंध्यापासून कापून टाकलं. उरलं ते इतकं केविलवाणं दिसत होतं, की मलाच रडू आलं. अण्णा परसात आले, बघून म्हणाले, "पुष्कळ केलंस. आता सोड."

"तीन म्हणाला होतात. दोनच झालेत."

"अगं, पण मी कुठे नाही म्हणतोय..."

"मग बसवता आत्ताच बैठकीवर?"

अण्णा आत निघून गेले. मी हात धुतले आणि पुन्हा कळशी उचलली.

आश्चर्य असं, की आमची थंडी त्याला मानवली. पौषात, जेव्हा आमची बाकीची झाडं मुकाट बसलेली असत, तेव्हा त्याला पोपटी कोंब फुटले. वर्षाला दोन-तीन बोटं एवढीच त्याची वाढ, पण ती वाढ होती. तिसऱ्या पावसाळ्यातही ते इरल्याखाली बसलं. दसऱ्याला मी इरलं काढलं तेव्हा झाड दीड वीत उंच झालं होतं आणि कापलेली बाजूही भरून आली होती. काकू म्हणाल्या, "मूर्ती लहान पण कीर्ती महान हो." या वेळी त्या चेष्टा करत नव्हत्या.

अण्णांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी चुलतभावाला थोडं सरकायला सांगून त्यांनी मला बैठकीवर जागा दिली. मी नऊवारीचा काष्टा घट्ट करून बसले आणि समोरच्या रोग्यांकडे पाहायची माझी हिंमत होईना. तीन वर्षांत एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. अण्णा म्हणाले, "पहिला पाठ तुझ्याच झाडाचा. थोडी छाटणी कर. पाला सावलीत वाळव. या हिवाळ्यात तालीसादि चूर्ण घरच्या ताज्या पाल्याचं करू. पनवेलात कुणी केलं नसेल."

मी छाटणी केली. पाला सुपात पसरून माळ्यावर ठेवला. कोवळे शेंडे बरेच उरले. ते हातात घेऊन परसात उभी होते आणि समोर शेळीवाली धार काढून, शेळीला कुंपणाशी बांधून, तिच्याकडे पाठ करून आईशी बोलत बसली होती. माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते, कारण ते फक्त वैद्याच्या पोरीच्याच डोक्यात येऊ शकतं. शेळी जो पाला खाते त्याचा गुण तिच्या दुधात उतरतो, असं अण्णा रोग्यांना नेहमी सांगत. या शेळीचं दूध खोकल्याच्याच रोग्यांना जायचं. मग तिला खोकल्यावरचा पाला घातला तर दूधच औषध होईल! बैठकीवर बसून मला एकच दिवस झाला होता आणि मी वैद्यक सुधारायला निघाले होते. मी शेंडे शेळीपुढे धरले. तिनं माझ्या हातातून सगळे खाल्ले.

दुपारी वाडीतून निरोप आला. अण्णा गेले, मागोमाग मी. शेळी अंगणात पाय ताणून पडली होती. बाई सांगत होती, घरी आल्यावर थरथरायला लागली, गुडघ्यांवर बसली आणि उठलीच नाही. मुलगी शेळीच्या मानेला मिठी मारून रडत होती. अण्णांनी शेळीचे पाय, ओठ, सड तपासले आणि म्हणाले, "सापानं डसलंय. कुंपणात असेल."

"सापच आसंल," बाई म्हणाली. "दुसरं काय असनार? सकालपासून बाहेरचं काय खाल्लं नाय तिनं."

मी तिथंच उभी होते. माझ्या बोटांना अजून पाल्याचा हिरवा डाग होता. मी हात पदरात घेतले. मला त्या क्षणी शेळीची नाही, बाईची नाही, बैठकीची काळजी वाटली. तीन वर्षं कळश्या वाहून मिळवलेली जागा एका दिवसात जाईल म्हणून मी गप्प बसले. ही गोष्ट मी नंतर पुष्कळदा मनाशी फिरवून पाहिली, पण तिला दुसरं नाव देता येत नाही. भ्याले आणि गप्प बसले.

तो दिवस आणि दुसरा दिवस मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं.

ते आधी रागावले नाहीत. समजूत घातल्यासारखं म्हणाले, "योगायोग असेल. तालीसपत्रानं शेळी मरत नाही. आपल्या घरात दोन पिढ्या हा पाला वापरला जातोय. कुणी मेलं?"

"चूर्णात तो किती असतो, अण्णा? चिमूटभर. तिनं ओंजळभर खाल्ला."

"साप होता."

"तुम्हाला दातांच्या खुणा दिसल्या?"

यावर मात्र ते रागावले. "एक दिवस शेजारी बसवलं तर तू माझी परीक्षा घ्यायला निघालीस?" ते म्हणाले. "माळ्यावरचा पाला वाळला की कुटायला घे. शाळेतल्या शिक्षकांच्या पोराला डांग्या खोकला झालाय, त्याच्या पुड्या द्यायच्यात."

मी गेले ती तालीसपत्राच्या बरणीकडे. बरणीतला मूठभर बाजारचा पाला पाण्यात भिजत घातला, म्हणजे सुकून आकसलेली पानं पुन्हा पसरतील. माझी शाळेतली पाटी धुऊन घेतली. सकाळी ओल्या पानांतलं एकेक पान पाटीवर मांडत गेले आणि शेजारी माझ्या झाडाचं पान. पहिलं पान वेगळं निघालं. त्याचं टोक मधोमध चिरल्यासारखं, खाली दोन पांढऱ्या रेघा, आणि चोळलं की राळेसारखा वास. मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे माझं झाड तालीसपत्र नव्हतंच, बरणी निर्मळ होती. दुसरं पान ठेवलं. टोकदार, वास नाही. तिसरं टोकदार. चौथं चिरलेलं. पुन्हा टोकदार. पाटी भरली तेव्हा मला कळलं, की आमच्या बरणीत एका नावाखाली दोन झाडं होती आणि त्यातलं एक माझं होतं.

मी पाटी घेऊन ओटीवर गेले. रोगी नव्हते. अण्णांनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "भिजल्यावर पानं वेडीवाकडी होतात. पुड्या कुठे आहेत?"

"मी कुटणार नाही," मी म्हणाले.

"काय म्हणालीस?"

"हा पाला मी कुटणार नाही. ना माळ्यावरचा, ना बरणीतला. तुम्ही पाटी बघेपर्यंत नाही."

"मग तुझी आई कुटेल."

मी माजघरात जाऊन उखळाशी बसले. आई मिरी कुटत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. माझ्याकडे बघितलं नाही, अण्णांकडे बघितलं नाही. तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. त्या मुसळाशिवाय आमचं घर मी कधी इतकं शांत ऐकलं नव्हतं.

अण्णा बरणीतला पाला घेऊन स्वतः कुटायला आले. दोन-चार घाव घातले, पाला उखळाबाहेर उडाला. त्यांना सवय नव्हती. उडालेला पाला वेचायला ते खाली वाकले आणि वेचता वेचता थांबले. एक पान डोळ्यांजवळ नेलं. मग दुसरं. मग चष्मा पुसला आणि न वळता म्हणाले, "ती पाटी आण."

त्यांनी बरणी ओटीवर ओतली आणि निवडायला बसले. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "थांब." एक ढीग चिरलेल्या टोकाचा, एक टोकदार. आईनं जेवणाचं पान वाढलं, ते तसंच राहिलं. उन्हं ओटीवरून उतरून अंगणात गेली तेव्हा निवडणं संपलं. टोकदार पानांचा ढीग मोठा होता. अण्णा त्याच्याकडे बघत बसले. "वडिलांनी मला वरचं एक पान बघायला शिकवलं," ते म्हणाले. "ते चिरलेलं निघालं की भागलं."

कुठला पाला खरा यावर विद्वानांत आजही वाद असेल तर असो. मला शेळी पुरेशी आहे. आम्ही मोठा ढीग आणि माळ्यावरच्या सुपातला पाला परसात खड्डा करून पुरला. अण्णा झाड उपटायला निघाले, ते मात्र मी उपटू दिलं नाही. म्हटलं, हे डोळ्यांसमोर असेल तर ओळखता येईल, नसेल तर पुन्हा गोणीतलं वरचं एक पान बघत बसू. मी रांजणाभोवती बाभळीच्या काट्यांचं दाट कुंपण केलं. शिक्षकांच्या पोराला अण्णांनी दुसरं औषध दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी गोठ्यातल्या कालवडीचं दावं सोडलं. "चल," म्हणाले. बाजारातून खाडीकडच्या वाडीपर्यंत वैद्यबुवा हातात दावं धरून चाललेत हे लोकांनी दुकानांतून वाकून वाकून पाहिलं. कुणी विचारलं, विकायला काढलीत का. अण्णा चालत राहिले. वाडी दिसायला लागली तसं ते म्हणाले, "तू सांगशील, की मी सांगू?"

"मी."

बाई अंगणात लाकडं फोडत होती. मुलगी उंबऱ्यावर बसली होती. मी काही पाल्हाळ लावला नाही. "साप नव्हता," मी म्हणाले. "मी तिला माझ्या झाडाचे शेंडे घातले. दूध औषधी होईल म्हणून. मला माहीत नव्हतं. आणि त्या दिवशी माहीत झालं तरी मी बोलले नाही."

बाईनं कुऱ्हाड खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिली. तिनं दिलेल्या इरल्याखाली मी ते झाड वाढवलं होतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. मला वाटलं ती शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ही तुमची," अण्णा कालवडीचं दावं पुढे करत म्हणाले. एरवी बाईला ते 'अगं' म्हणत, आज 'तुमची' म्हणाले. "शेळी परत येणार नाही."

तिनं दाव्याला हात लावला नाही. "वैद्यबुवा," ती म्हणाली, "तो पाला तुमच्या औषदात असतो ना?"

"असायचा. काल काढून टाकला."

"गेल्या थंडीत माज्या पोरीला खोकला झाला तवा पुरी दिलती तुमी. तिच्यात होता?"

पुडीत तो किती असतो, साखर किती, मिरी किती, हे सगळं मला पाठ होतं. अण्णांना तर माझ्याहून जास्त. त्यातलं एक अक्षरही ते बोलले नाहीत. "होता," म्हणाले.

बाईनं हात लांब करून मुलीला जवळ ओढलं. तिच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला. मुलगी धडधाकट होती, तिला काही कळलं नव्हतं, ती कालवडीकडे बघत होती.

"आता कोन बगतं पाला?" बाईनं विचारलं.

"ही बघते," अण्णा म्हणाले.

"हीच? जिनं माजे शेलीला घातला?"

"हो. हीच," अण्णा म्हणाले. "एकेक पान बघते."

तिनं अण्णांच्या हातातून दावं घेतलं आणि कालवड शेळीच्या रिकाम्या खुंटीला बांधली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"नीट बग, बाय," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.